बोटीवर घालायचा शर्ट

लक्ष्मीकांतरावांना सामान भरायची भारी हौस. शेगावला जायचं असलं तरी आठ दिवस आधी बॅग पलंगावर. बुलढाण्याच्या कोर्टातली कारकुनी संपली, तसं समुद्रातल्या मोठ्या बोटीवर एकदा फिरून यायचं म्हणून त्यांनी दोघांची तिकिटं काढली आणि सामानाची यादी लिहायला बसले. यादी पूर्ण झाली. ते राहिले नाहीत. त्यांच्या पत्नी स्नेहलताबाई दवाखान्यातून डबा करायला घरी आल्या होत्या, तेवढ्यात ते तिथंच गेले. त्याला आता सहा महिने झाले.

त्यांच्या जागी मुलगी नीरजा येणार होती. ती मुंबईला बंदरावर भेटणार. स्नेहलताबाई जायला तयार झाल्या, कारण नाही म्हणायलाही मनात काहीतरी लागतं. तेराव्यालासुद्धा त्यांना रडू आलं नव्हतं.

यादी समोर ठेवून त्या बॅग भरत होत्या. उलटीच्या गोळ्या. आवळासुपारी. कपडे वाळत घालायला नायलॉनची दोरी. आता बोटीवर दोरी बांधणार होता कुठं हा माणूस! मिरचीचा ठेचा, दोन पिशव्यांत गुंडाळून.

"आई, ठेचा नको गं. बाहेरचं खाणं नेऊ देत नाहीत," नीरजा फोनवर म्हणाली.

"बरं." त्यांनी ठेचा काढून ठेवला.

शेवटची ओळ होती: 'निळा शर्ट, नवा. घडी बोटीवरच मोडायची.' त्यांनी कपाट उघडलं. यजमानांचा कप्पा रिकामा. रीतीप्रमाणे तेराव्यानंतर कपडे देऊन टाकले होते, आणि गठ्ठा बांधताना एकही कपडा त्यांनी धड पाहिला नव्हता. त्यातच शर्टही गेला असणार. त्यांनी ओळीवर काट मारली. वाईट वाटलं नाही. वाटलं नाही याचीच जरा भीती वाटली.

संध्याकाळी रिक्षावाला गोपाल आला. लक्ष्मीकांतरावांना दवाखान्यात नेणं-आणणं त्यानंच केलेलं, म्हणून गठ्ठाही त्यालाच दिला होता. तो बॅग उचलायला वाकला आणि स्नेहलताबाई दारातच थांबल्या. निळा शर्ट. पाठीवर घडीच्या रेघा अजून तशाच.

"नवाकोरा होता, काकू. ठेवून देला होता. आज तुम्हाले पोचवाले याचं म्हणून घातला. काऊन, काही चुकलं काय?"

"बोटीवर घालाले घेतला होता रे त्यायनं."

गोपालचा चेहरा उतरला. "आत्ता काढून देतो, काकू."

"नको. राहू दे अंगात."

त्यांनी त्याच्या खांद्यावरची चुणी हातानं सारखी केली, आणि हात तिथंच राहिला. मग दाराची चौकट धरून त्या अशा रडल्या, की शेजारच्या तानाबाई पिठानं भरल्या हातांनी धावत आल्या.

बस स्टँडवर खिडकीत बसल्यावर त्यांनी गोपालला हाक मारली.

"मी दिसेनाशी होईपर्यंत जाऊ नको रे."

"नाही जात, काकू."

बस निघाली. निळा शर्ट वळणापर्यंत हात हलवत उभा होता.