वजावटीची मुदत

व्हर्लिन न कळवता आला आणि आल्या आल्या दारातला बर्फ उपसू लागला, तेव्हा मार्लिसला वाटलं, नवऱ्याला सुचलं एकदाचं शहाणपण. ऑगस्टपासून तो डुलुथला भावाकडे राहत होता. ईस्टरपर्यंत वेगळं राहून बघायचं, तोवर घटस्फोटाचा विषय काढायचा नाही, असं दोघांत ठरलं होतं. आता २०१८ सालचा नाताळ चार दिवसांवर आला होता. तिने घाईघाईने केस विंचरले, खिमा-बटाट्याचं भांडं ओव्हनमध्ये सरकवलं. वेडी आशा, दुसरं काय.

तो जेवायला बसला आणि पोटगीवर बोलू लागला. नव्या वर्षापासून अमेरिकेतला पोटगीवरच्या कराचा कायदा बदलत होता. ३१ डिसेंबरच्या आत घटस्फोटाच्या सह्या झाल्या, तर बायकोला दिलेली पोटगी नवऱ्याच्या उत्पन्नातून वरच्यावर वजा होणार होती. त्यानंतर छदामही नाही. वरच्यावर म्हणजे काय, तेही त्याने सांगितलं. घरकर्जाचं व्याज, देणग्या यांच्या पावत्या जमवत बसायला नको. सरकार मुळात उत्पन्नच कमी धरतं. आणि उत्पन्न कमी दिसलं की लेकीच्या, टिल्डाच्या, कॉलेज-फीवरची करसवलतही पदरात पडते. पोटगीवरचा कर मार्लिसला भरावा लागेल, पण तिचा पगार लायब्ररीतला, कराचा दर कमी. शिवाय वाचलेल्यातलं थोडं तो तिला वाढवून देणार होता. सव्वीस वर्षांच्या संसारात या माणसाने तिला एवढ्या मायेने काही समजावून सांगितलं नव्हतं.

हिशेबात कुठे खोट नव्हती. भांडायलाही जागा ठेवली नव्हती मेल्याने.

“कायदा बदलला नसता तर?” तिने विचारलं.

“तर काय, ईस्टरपर्यंत थांबलो असतो. ठरलं होतं ना आपलं.” काटा खाली ठेवून तो खरंच विचार करू लागला. खोटं बोलणं त्याला कधी जमलं नाही. “कदाचित परतही आलो असतो, मार्लिस. भावाकडे करमत नाही मला.”

“मग ये ना.”

“आणि नंतर नाहीच जमलं तर? ही वजावट एकदा गेली की गेली.”

मार्लिसला रडू येत होतं, पण त्याच्यासमोर रडायची तिला लाज वाटली. मग तिने पेन मागितलं.

त्याने कोटातून दोन काढली. थंडीने एकातली शाई गोठली तर अडायला नको, म्हणून.