चौथा फर्मा

कानाच्या दवाखान्यातल्या बाईंनी तात्यांच्या कानामागचं यंत्र अलगद काढलं, छोट्या स्टँडवर ठेवलं आणि संगणकाकडे वळल्या. पडद्यावर निळ्या-करड्या पट्ट्या उमटल्या. बाईंनी त्या पाहिल्या, चष्मा पुसला, पुन्हा पाहिल्या. मग यंत्र परत तात्यांच्या कानात बसवलं.

"यंत्र छान वापरताय काका. रोज अकरा तास."

"लेकीने घेऊन दिलंय. वापरायला नको?"

"याच्यात नोंद होते, कानावर काय काय पडलं त्याची. शांतता किती, गोंगाट किती, बोलणं किती." त्यांनी पडद्यावरच्या एका पट्टीवर बोट ठेवलं. "बोलणं दिवसाला चार मिनिटं दाखवतंय."

तात्यांनी शर्टाची वरची गुंडी चाचपली. ती लावलेलीच होती.

"टीव्ही असतो ना चालू."

"टीव्हीचा आवाज थेट यंत्रात येतो, त्याची नोंद वेगळी. ही माणसांची. घरी कोण कोण असतं?"

"येऊन-जाऊन असतात माणसं."

बाईंनी मान हलवली. महिनाअखेरीस असाच रिपोर्ट ताईंच्या, म्हणजे लेकीच्या, फोनवर जाईल, असं त्यांनी सहज सांगितलं. तात्यांनी पिशवी उचलली. छत्री मात्र तिथेच राहिली. ती घ्यायला त्यांना जिन्यावरून परत यावं लागलं.

चाळीस वर्षं छापखान्यात मशीन चालवता चालवता त्यांचे कान गेले होते. लेकीचं एकच म्हणणं होतं, एकटे राहू नका. घर बंद करा आणि माझ्याकडे या. तिच्याकडे दोनदा राहून झालं होतं. तिथे चारही माणसं कानात फोनच्या त्या गोळ्या खुपसून चार खोल्यांत बसत. धडधाकट कानांची माणसं अशी का वागतात, हे तात्यांना उमगलं नव्हतं. इथे निदान भिंती ओळखीच्या होत्या. म्हणून त्यांनी लेकीला सांगून ठेवलं होतं की छापखान्यातला फोरमन रोज संध्याकाळी येतो, दोन-तीन तास गप्पा होतात. फोरमन पूर्वी यायचा, हे खरं होतं. त्याला जाऊन दोन वर्षं झाली, तेवढं सांगायचं राहून गेलं होतं. खोटं बोलल्याचं देवाला कळलंच असणार. पण देव लेकीला रिपोर्ट पाठवत नव्हता.

त्या संध्याकाळी त्यांनी स्वयंपाकघरातल्या फळीवरचे डबे खाली काढले. डब्यांखाली छापलेले कागद अंथरलेले होते. शाई पसरलेले, वाकडे छापले गेलेले फर्मे तात्या घरी आणत, आणि बायको ते फळ्यांवर घालत असे. सोळा पानांचा एकेक फर्मा. आयुष्यभर त्यांनी हजारो पुस्तकं छापली होती. शाई नीट बसली की नाही ते पाहायचं, मजकूर वाचायला सवड कुणाला होती? आता डब्यांचे गोल डाग पडलेले ते कागद त्यांनी घडी घालून, कापून मांडीवर घेतले आणि खुर्चीत बसून मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

पहिले दोन दिवस लाज वाटली. स्वतःचाच आवाज कानात असा घुमत होता, जणू कुणी परका पाहुणा घरात शिरून अघळपघळ बोलत बसलाय. मग सवय झाली. भूगोलाच्या पुस्तकाचा एक फर्मा झाला, पोटाच्या विकारांवरचे दोन झाले. मग एक कादंबरी निघाली. तिचे पहिला, दुसरा, तिसरा आणि पाचवा असे फर्मे होते. एक नावाडी, त्याच्या नावेत एकटीच निघालेली एक मुलगी आणि चढत चाललेलं पाणी. तात्या रंगात आले. नावाड्याला त्यांनी खर्जातला आवाज दिला, मुलीला हळू. आठवडाभर पुरवून पुरवून वाचलं. अठ्ठेचाळिसावं पान संपलं ते असं: 'नावाड्याने वल्हं आत ओढून घेतलं आणि तो मुलीला म्हणाला,'

पुढे काही नव्हतं. पाचव्या फर्म्यात मुलगी एकटीच काठावर उभी होती आणि नाव कुठेच दिसत नव्हती.

"घ्या," तात्या म्हणाले आणि पोटाचे विकार पुन्हा उघडले.

तेवढ्यात भिंतीवर ठक ठक झालं. पलीकडच्या घरात एक बाई राहायला आल्या होत्या, पायाचं ऑपरेशन झालेल्या. एवढंच रखवालदाराकडून कळलं होतं. तात्या ओशाळले. त्यांनी आवाज खाली आणला. पुन्हा ठक ठक, आता जोरात. ते कुजबुजायला लागले. भिंत आणखी दणाणली. तात्यांनी कागद मिटले. दुसऱ्या दिवसापासून ते स्वयंपाकघरात, भिंतीपासून लांब, स्टुलावर बसून वाचू लागले. तिथेही अधूनमधून लांबून बाईंची काठी भिंतीवर ऐकू येई. असतात माणसं कडक, ते मनाशी म्हणत आणि भूगोल पुढे रेटत.

महिना संपला. दवाखान्यातल्या बाईंनी पट्ट्या पाहिल्या आणि हसल्या.

"साडेतीन तास! कोण मिळालं एवढं बोलकं?"

"आमचा फोरमन. बसला की उठत नाही."

"त्यांना सांगा, असेच येत राहा." त्यांनी बटण दाबलं. "पाठवला ताईंना."

तात्या घरी आले. कागद स्टुलावर पडले होते. आता वाचायची गरज नव्हती. ते बाहेरच्या खोलीत येऊन आपल्या खुर्चीत बसले. पंख्याची करकर ऐकू येत होती, नळाचं टपटपणं ऐकू येत होतं. समोरच्या खुर्चीत फोरमन बसायचा. थोड्या वेळाने त्यांनी यंत्र काढायला कानामागे बोट नेलं.

ठक ठक.

बोट तिथेच राहिलं. आज तर ते अवाक्षरही बोलले नव्हते.

ठक ठक, पुन्हा. आणि मग भिंतीपलीकडून, बारीक पण स्पष्ट, थोडा चिडलेलाच आवाज:

"अहो, पण तो नावाडी तिला म्हणाला काय?"

तात्या उठले. भिंतीजवळ गेले, घसा साफ केला.

"चौथा फर्मा नाहीये माझ्याकडे."

पलीकडे काठी फरशीवर टेकल्याचा आवाज आला.

"मग तुम्ही सांगा," आवाज म्हणाला. "मी कुठे पळून जात नाहीये. पाय कुठे आहेत धड."

टेबलावरचा फोन वाजला. लेक होती.

"बाबा, रिपोर्ट बघितला. साडेतीन तास! फोरमनकाका आलेत का आत्ता? द्या त्यांना, दोन शब्द बोलते."

तात्यांनी समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं.

"फोरमन गेला गं," ते म्हणाले. "दोन वर्षं झाली. तुला सांगायचं राहिलं."

"काय? बाबा, मग इतके दिवस बोलत कुणाशी होतात?"

"नंतर सांगतो. इकडे माझ्यासाठी थांबलंय कुणीतरी."

"कोण?"

"नाव विचारायचं राहिलंय," तात्या म्हणाले आणि फोन ठेवून खुर्ची भिंतीकडे ओढू लागले.