शववाहिकेत उजेड

शववाहिका चालवायला लागून सावकाशला अकरा वर्षं झाली होती, आणि या अकरा वर्षांत मागच्या प्रवाशांपैकी एकानेही उजेडाबद्दल तक्रार केली नव्हती. मागे पत्र्याचा बंद डबा, खिडकी नाही, छताला एक मिणमिणता दिवा. तो लावला की आत अंधार आहे एवढं मात्र नीट दिसायचं. तो गाडी कधी पळवायचाच नाही म्हणून डेपोत त्याचं नाव सावकाश पडलं होतं, आणि ते त्याला खऱ्या नावापेक्षा जास्त शोभायचं.

त्या दिवशी पहाटे त्याची आई गेली. नऊ वाजता तो गाडी घेऊन वायरमनच्या दुकानासमोर उभा राहिला. दोघं एका वर्गात नापास झालेले, त्यामुळे ओळख पक्की.

"मागे उजेड पाहिजे. भरपूर."

वायरमनने डब्यात डोकावून पाहिलं. "मागे कोण पेपर वाचत बसणार आहे?"

"आई."

"बसणार?"

"नाही. झोपून."

वायरमनने हातातली पकड खाली ठेवली. मग पुन्हा उचलली आणि कामाला लागला.

आईला अंधाराची भीती होती. थोडीथोडकी नाही, बाई आयुष्यभर दिवा लावून झोपली. बाबा बिचारे डोळ्यांवर रुमाल बांधून झोपायचे. ते गेले तेव्हाही रुमाल तसाच होता, त्यामुळे ते गेलेत हे घरात दुपारपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही. वीज गेली की आई मोठमोठ्याने बोलत सुटायची, शेजारणीची सून, दुधातलं पाणी, काहीही, घर रिकामं नाही हे अंधाराला कळावं म्हणून.

"मला तुझ्या त्या डब्यात घालू नकोस रे," ती म्हणायची.

"मग काय रिक्षाने जाणार?" तो विचारायचा, आणि दोघं हसायची.

शेवटच्या दिवशी ती हसली नाही. "निदान लाइट तरी लाव," एवढंच म्हणाली. तो "हो" म्हणाला. आईला तो जन्मभर कशालाही "हो" म्हणत आला होता आणि त्यातलं जवळपास काहीच त्याने केलं नव्हतं. आता हे एकच करण्यासारखं उरलं होतं.

बारापर्यंत वायरमनने छताला आठ पांढऱ्या पट्ट्या ठोकल्या. "एक ऐक," तो म्हणाला, "इंजिन बंद असताना हे चालू ठेवू नकोस. बॅटरी म्हातारी आहे तुझी."

"नाही ठेवणार," सावकाश म्हणाला.

दोन वाजता आईला गाडीत ठेवलं. दिवे लागले तसे सगळे डोळे चोळायला लागले. मामांनी आत पाय ठेवला आणि बाहेर काढला. "ही काय दातांच्या डॉक्टरची गाडी आहे?" त्या उजेडात मामांच्या केसांचा कलप कानांपर्यंत दिसत होता, आणि आई मात्र छान दिसत होती.

निघायचं तर ताई पोचली नव्हती. तिची बस वाटेत बंद पडली होती. चालू इंजिनाचा धूर समोरच्या घरात जायला लागला, तेव्हा कुणीतरी कुरकुरलं आणि सावकाशने इंजिन बंद केलं. दिव्यांच्या बटणापर्यंत त्याचा हात तीनदा गेला. तिन्ही वेळा त्याने डब्यात पाहिलं आणि हात खिशात घातला.

ताई चारला आली. तिने आईचा चेहरा पाहिला, रडली, मग वर पाहून म्हणाली, "हे तू केलंस?" त्याने मान डोलावली. ती आईजवळ आत बसली. त्याने दारं लावली, पुढे जाऊन किल्ली फिरवली. कट्. पुन्हा फिरवली. गाडीने तेवढंही केलं नाही.

"दिवे बंद कर," वायरमनही आला होता, तो खिडकीशी येऊन म्हणाला. "थोडा वेळ बंद केलेस तर धक्क्यावर कदाचित धरेल."

"नाही."

"अरे, पाच मिनिटं," मामा म्हणाले. "तिला आता काय..." पुढचं त्यांनी गिळलं.

"नाही, मामा."

मग आठ माणसं मागे लागली. हमरस्त्यावर आणून तीनदा धक्का दिला. तीनदा गाडी आचका देऊन थांबली. पट्ट्या पिवळ्या पडत गेल्या, आणि तिसऱ्या आचक्याला विझल्या.

सावकाश खाली उतरला. मागचं एक दार थोडंसं उघडून उभा राहिला. आत ताईचा नुसता आकार दिसत होता.

"मी हो म्हणालो होतो गं," तो म्हणाला.

ताई उठली आणि तिने दोन्ही दारं ढकलून सताड उघडली.

"दारं उघडी टाकून गाडी चालवता येत नाही," तो म्हणाला. हा नियम त्याने अकरा वर्षांत एकदाही मोडला नव्हता.

"चालतेय कुठे ती?" ताई म्हणाली.

ऊन आत आलं. कलतं, ऐन चारचं, थेट आईच्या छातीपर्यंत. ताईने चादर थोडी खाली सरकवली.

पुन्हा धक्का सुरू झाला. इंजिनाचं आता कुणी नाव काढलं नाही. दोघांनी दारं धरली, बाकीच्यांनी जिथे जागा मिळेल तिथे खांदा लावला. सावकाश एकटाच पुढे स्टिअरिंग धरून बसला होता. आरशात नुसती उघडी दारं दिसत होती.

"आत कसं आहे?" त्याने ओरडून विचारलं.

"ऊन आहे," मागून ताई म्हणाली. "हनुवटीपर्यंत."

पुढे स्मशानाकडे जाणारे दोन फाटे होते. डावीकडचा जवळचा, पुलाखालून जाणारा. उजवीकडचा दुप्पट लांब, उघड्यावरून, पूर्वेला सरळ जाणारा. त्या रस्त्याला लागलं की ऊन पाठीवर येतं. सावकाशने स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं.

"अरे, हा लांबचा," मामा धापा टाकत म्हणाले.

"हो."

मामांनी कोट काढून गाडीच्या कडेला अडकवला, दुसरा खांदा लावला, आणि दारासमोरच्याला म्हणाले, "तू जरा बाजूला हो. तिच्यावर सावली पडतेय तुझी."