हुग्गीची बादली

शंभुलिंग एसटीतून निवृत्त होऊन गावी परतला, तेव्हा गावानं त्याला एकच प्रश्न विचारला, "पावणं, कवा आलाव?" ज्या मातीत त्याची नाळ पुरली होती, तिथं तो पाहुणा. सोलापूरच्या स्टँडवर कंट्रोलरच्या खिडकीत बसून त्यानं उभी हयात भोंग्यावरून गाड्या पुकारल्या होत्या. लोहारा, नळदुर्ग, सोनारी, साऱ्या मुलखाची नावं लोकांनी त्याच्या तोंडून ऐकली. त्याचं नाव मात्र कुणाला विचारावंसं वाटलं नाही. ते एक वेळ ठीक होतं, शहरच ते. पण गावानंही तेच करावं, हे त्याला लागलं.

बायकोचं तसं नव्हतं. उमादेवी आठवड्याच्या आत मठाच्या चुलीपाशी वांगी चिरायला जाऊन बसली आणि साऱ्या गावाची उमाक्का झाली. त्यामुळं शंभुलिंगलाही आयती ओळख मिळाली. लोक त्याला उमाक्काचे मालक म्हणू लागले.

"तुमी बी मठात सेवा करा की," ती म्हणाली. "घरात बसून कुनाला कळनार, कोन हाय ते?"

लोहाऱ्याजवळच्या या गावात दर अमावस्येला मठात पंगत बसते आणि वाढायला गावातलीच माणसं असतात. फुकट राबणाऱ्याला कोण नको म्हणेल, असं शंभुलिंगला वाटलं. पण सेवेकऱ्यांचं बघणाऱ्या रुद्रेशनं, ज्याचं एरवी मोबाइलचं दुकान आहे, सगळ्या जागा भरल्याचं सांगितलं. पाणी एका घराण्याकडं होतं, भात दुसऱ्याकडं, आणि चटणीवरून तर दोन सख्खे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. एसटीत लागणंसुद्धा एवढं अवघड नव्हतं. अखेर मिठावरचा गडी पुण्याला कंपनीत लागला आणि शंभुलिंगची मिठावर नेमणूक झाली.

मीठवाला पंगतीत सगळ्यात आधी येतो. लोक अजून मांडी घालत असतात, पत्रावळ उडू नये म्हणून तिच्यावर पाण्याचा ग्लास ठेवत असतात, चपला कुठं काढल्या ते एकमेकांना सांगत असतात. अशात कुणीतरी चिमूटभर मीठ टाकून जातं. ते कुणी टाकलं, हे बघायला आजवर कुणी मान वर केलेली नाही. आणि दुसऱ्यांदा मीठ मागायची वेळ चुलीपाशी बसलेल्या बायका येऊ देत नाहीत.

सगळ्यात शेवटी येते हुग्गी, म्हणजे गहू आणि गूळ घालून रटरटून शिजवलेली खीर. ती वाढायचा बसप्पा. म्हातारा माणूस, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, एका हातात बादली, दुसऱ्यात लांब दांड्याचं ओगराळं आणि तोंडावर उपकार केल्याचा भाव. तो आला की पेंगलेली पंगत जागी व्हायची. कुणी म्हणायचं बसप्पा हिकडं, कुणी म्हणायचं बसप्पा अजून येक. शंभुलिंग मिठाचं ताट घेऊन खांबाला टेकून हे ऐकायचा आणि त्याचा जीव तुटायचा. या पंगतीत आपलंही नाव एकदा असं पुकारलं जावं, याउपर त्याचं काही मागणं नव्हतं.

पुकारत नाहीत तर निदान वाचतील, असा विचार करून त्यानं मठाला स्टीलची बादली दिली. लोहाऱ्याच्या भांड्यांच्या दुकानातली सगळ्यात मोठी, कारण लहान बादलीवर नाव लहान आलं असतं. दुकानदारानं मशीननं ठळक अक्षरं कोरून दिली. मठानं ती बादली हुग्गीला लावली. आता बसप्पा ती अशी धरायचा, की नावाची बाजू न चुकता त्याच्या धोतराकडं राहायची. नाव वाचलंच असेल तर बसप्पाच्या मांडीनं.

जुन्या बादलीच्या दुप्पट हुग्गी या बादलीत मावायची, आणि मावते म्हणून बायका भरायच्या. माघातल्या अमावस्येला पहिल्या पंगतीत निम्म्यांना वाढून झालं आणि बसप्पाचा खांदा निखळला. त्यानं आधी बादली खाली ठेवली, थेंबही सांडू दिला नाही, आणि मग तिच्याशेजारी बसला. दवाखान्यातून तो हात गळ्यात बांधून आला. त्या दिवशी शंभुलिंगला घास गेला नाही. आपल्या नावाच्या हौसेपायी म्हाताऱ्याचा हात गेला होता. तसं त्याला कुणी बोलून दाखवलं नाही, म्हणून ते जास्तच बोचत राहिलं.

पुढच्या अमावस्येच्या आधी रुद्रेश म्हाताऱ्याचा निरोप घेऊन आला.

"बादली ज्यानं दिली, त्यानंच उचलावी म्हनतेत."

मान मिळाला तो असा. शंभुलिंग नावाची बाजू मुद्दाम बाहेर ठेवून पंगतीत शिरला आणि पहिल्याच ओळीतून हाक आली, बसप्पा, हिकडं. त्यानं थांबून सांगितलं, की बसप्पा आजारी आहेत, मी शंभुलिंग. समोरच्यानं समजूतदारपणे मान हलवली आणि म्हणाला, बरं बरं, येकच वाढा बसप्पा, शुगर हाय. दुसऱ्या ओळीत तेच. बायकांच्या पंगतीत शेजारच्या गौराबाईनं नातवाला बोट दाखवून सांगितलं, की त्यो बघ बसप्पा आला. चुलीपाशी उमादेवी तोंडाला पदर लावून हसत होती.

दोन-तीन अमावस्या अशा काढल्यावर तो म्हाताऱ्याच्या घरी गेला. खांद्याची चौकशी करायची होती, माफी मागायची होती, आणि खरं सांगायचं तर तक्रार करायची होती. दारात म्हाताऱ्याची बायको हरणाबाई ज्वारी पाखडत होती. बसप्पा आहेत का, त्यानं विचारलं.

"बसप्पा मठात असतेत," ती म्हणाली. "हितं ह्ये असतेत." नवऱ्याचं नाव काही ती घेणार नव्हती, तिनं नुसतं सुपानं बाजेकडं दाखवलं.

बाजेवरचा म्हातारा हसला. त्याचं नाव गुरुलिंग होतं. खरे बसप्पा त्याच्याआधी हुग्गी वाढायचे, ते त्र्याण्णवच्या भूकंपाच्या आदल्या साली वारले. त्यांचं ओगराळं याच्या हातात आलं, त्याबरोबर नावही आलं. मग तुम्ही लोकांना सांगितलं का नाही, शंभुलिंगनं विचारलं.

"सांगितलं की, तुमच्यावानीच. मग दमलो." म्हाताऱ्यानं दुखरा खांदा सावरला. "आई व्हती तवर ती गुरुलिंग म्हनायची. ती गेल्यापासनं न्हाय कुनी म्हनलं."

यावर तक्रार काय करणार. शंभुलिंग चहा पिऊन उठला आणि माफीचं राहूनच गेलं.

श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी मोठी पंगत असते. त्या दिवशी म्हातारा प्रथमच जेवायला खाली बसला. हातात बादली नसल्यानं त्याच्याकडं कुणाचं लक्ष गेलं नाही. शेजारच्यानं त्याला जरा सरकून घ्यायला सांगितलं, तसा तो सरकला. पत्रावळीसमोर तो असा अवघडून बसला होता, की शंभुलिंगला आपले मिठाचे दिवस आठवले. हाकांना ओ देत, ओळ संपवत तो म्हाताऱ्यापाशी पोचला आणि वाकून त्यानं ओगराळं ओतलं. म्हाताऱ्यानं पत्रावळीवर आडवा पंजा धरला.

"शंभुलिंग," तो म्हणाला, "बास कर. लई झालं."

एवढ्या गलक्यात ती हाक त्याला लख्ख ऐकू आली. त्याचे डोळे भरून आले, आणि दोन्ही हात गुंतलेले असल्यानं ते पुसायचीही सोय नव्हती. त्यानं आणखी एक ओगराळं भरलं.

"घ्या, गुरुलिंगअण्णा," तो म्हणाला. "माजं चुकलं."

म्हाताऱ्यानं त्याच्याकडं बघितलं, नुसतं बघतच राहिला. मग त्यानं पत्रावळीवरचा हात हळूच बाजूला घेतला.

मागच्या ओळीतून कुणीतरी ओरडलं, "बसप्पा, हिकडं बी येऊ द्या की."

दोघांनीही एकदमच वळून बघितलं.

"आलो," शंभुलिंग म्हणाला आणि त्यानं बादली उचलली.