न उच्चारलेला नवस

ज्याच्यासाठी देवाकडे काही मागायचे, त्याला ते मागणे कळू द्यायचे नाही, अशी पूर्व युरोपातल्या बुजाकच्या माळावरील गागाउझ लोकांची श्रद्धा आहे. नवस पुरा होईपर्यंत ओठांवर आणायचा नाही; आणला, की तो विरून जातो. ही श्रद्धा सुंदर आहे, कारण तीत मागणाऱ्याला गर्व शिवत नाही. ती कठोरही आहे, कारण जिच्यासाठी मागितले ती अंधारात चालत राहते, आणि त्या मागण्याला आपल्या मनाने एक रूप देऊन त्याच्यामागे धावते. एव्दोकिया उझून, घरच्यांची दोका, अशी धावली. तिच्या धावण्यात कपट नव्हते, तिच्या आईच्या मौनातही नव्हते. तरीही दोघींचे बरेच काही त्यात वाहून गेले, आणि त्याचा दोष कोणाच्या माथी ठेवावा हे ठरवणे सोपे नाही.

कासिमच्या, म्हणजे मेंढपाळांचे वर्ष संपण्याच्या सणाच्या आदल्या दुपारी ती कोमरातच्या बसमधून गावाच्या फाट्यावर उतरली. खांद्यावर कुस्ती संघाची पिशवी होती. मागच्याच आठवड्यात राजधानी किशिनावच्या निवड चाचणीत सोरोकाकडच्या एका कोवळ्या मुलीने तिला पहिल्याच फेरीत चीतपट केले होते. छतावरचे दिवे डोळ्यांवर आले, आणि पंचाने मॅटवर थाप मारली, तेव्हा तिच्या मनात पराभवाचा विचार आलाच नाही. आला तो एवढाच, की आता आईचा नवस कधीच फिटणार नाही.

बाहेरच्या बाकावर तिचे गुरू पेत्रोविच तिच्या शेजारी येऊन बसले होते.

"अर्धा क्षण, दोका," ते म्हणाले. "पाय मागे घ्यायला तुला अर्धा क्षण उशीर होतोय. जिवाचं रान केलंस तरी तो अर्धा क्षण आता परत यायचा नाही."

"मग मी काय करू?"

"घरी जा. आई आलीय ना तुझी? जा, पोटभर जेव. किती वर्षं तुला पोटभर जेवताना पाहिलं नाही मी."

घरी जा, हे सांगणे सोपे होते. दोका अकरा वर्षांची असताना तिचे वडील ट्रॅक्टरखाली गेले, आणि त्याच शरद ऋतूत तिची आई वर्वारा इस्तंबूलला एका अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीची सेवा करायला निघाली. गावातल्या निम्म्या बायका तेच करीत होत्या. निघण्याच्या सकाळी वर्वाराने कळपातले एक कोकरू धरले, त्याच्या उजव्या कानाला खूण केली, गळ्यात लाल फीत बांधली, आणि चर्चकडे तोंड करून बराच वेळ ओठ हलवले. मग तो देवाचा मेंढा शेजारच्या स्तेफानिदाच्या स्वाधीन केला. स्तेफानिदाला सगळी आळी लेलू, म्हणजे मावशी म्हणे.

"आई, काय मागितलंस?"

"ते विचारायचं नसतं, पोरी."

आईची बस दिसेनाशी झाल्यावर दोकाने लेलूला विचारले. लेलू धान्य पाखडीत होती. "दुसरं काय मागणार?" ती सहज म्हणाली. "पेत्रोविच तुला कुस्तीच्या वसतिगृहात नेतायत. पोरगी मोठी पैलवान होऊ दे, हेच मागितलं असणार." हे वाक्य लेलू संध्याकाळपर्यंत विसरली. दोका ते आयुष्यभर विसरली नाही.

गावच्या जत्रेत मुलींचा आखाडा नव्हताच. पेत्रोविचनी तिला मुलांत उतरवले. गिरणीवाल्याच्या धिप्पाड मुलाला तिने एकेरी पट काढून आडवे केले, तेव्हा लोक पोट धरधरून हसले. बक्षिसाचा मेंढा खांद्यावर घेऊन रिंगण फिरायचा मान पुरुषांचा, म्हणून तिच्या हातात एक कोंबडा दिला गेला. त्या संध्याकाळी तिने फोनवर विचारले, "आई, पुरा झाला का नवस?"

"अजून नाही, पोरी."

म्हणजे कोंबडा पुरेसा नव्हता. कुमारांच्या युरोपीय स्पर्धेतले कांस्यपदकही पुरेसे ठरले नाही. पुढे मोठ्यांची युरोपीय स्पर्धा इस्तंबूललाच भरली. अंतिम कुस्तीत भारंदाज डावावर तिने प्रतिस्पर्धी मुलीला पुन्हा पुन्हा फिरवले आणि सुवर्ण घेतले. मग ती क्रीडागृहाच्या फाटकाशी उभी राहिली, संघाची बस हॉर्न वाजवू लागेपर्यंत. आई त्याच शहरात, खाडीपलीकडे होती. पण म्हातारीला एकटे टाकून निघता येत नव्हते.

"मी पाहिलं गं," रात्री फोनवर आई म्हणाली. "आवाज बंद ठेवून पाहिलं. बाई झोपल्या होत्या."

"मग नवस?"

"अजून नाही."

जागतिक अजिंक्यपद मिळाले तेव्हा फाट्यावर बँड आला. सरपंचांनी भाकर आणि मीठ पुढे केले, शाळेच्या मुलींनी फुले दिली. मिरवणूक तिच्या फाटकापर्यंत आली आणि पांगली. आत कुलूप होते. किल्ली लेलूकडे आणि लेलू शेतावर. म्हणून जगज्जेती पायरीवर बसली आणि मानाची ती भाकर तोडून मिठाशी खाऊ लागली. अंगणात वाऱ्याने वाळकी पाने एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जात होती. संध्याकाळी लेलू आली ती कुरकुरतच.

"तुमचा तो देवाचा मेंढा! पहिला म्हातारा होऊन मेला, त्याच्या जागी दुसरा धरला, आता त्याचेही दात पडलेत. विकायचा नाही, कापायचा नाही! तुझी आई देवाशी काय करार करून बसलीय कोण जाणे. जग जिंकलंस, आता काय चंद्रावर कुस्ती खेळणार आहेस?"

दोका हसली, पण त्या रात्री तिने ठरवले, की उरले आहे ते ऑलिंपिक. तिथे कांस्य मिळाले, मात्र उपांत्य फेरीत मान दुखावली. पट्टा बांधलेल्या मानेने तिने फोन लावला.

"मान कशी आहे तुझी?" आईने विचारले.

"मान राहू दे. नवसाचं सांग."

"मान कशी आहे, ते आधी सांग."

कांस्य होते, सुवर्ण नव्हते. म्हणूनच आई बोलणे टाळते आहे, असे दोकाने मानले. पुन्हा सराव, पुन्हा उपाशी राहून वजन उतरवणे, पुन्हा परक्या गावांतल्या खोल्या. मैत्रिणींची लग्ने झाली, त्यांची मुले शाळेत जाऊ लागली. तिच्या आयुष्यात एक माणूस येऊन गेला, तो म्हणाला होता, "तू नेहमी कुठल्या तरी परीक्षेला निघालेली असतेस." आणि आता हा अर्धा क्षण.

बसमधून उतरून चालत आलेली ती घराच्या फाटकापाशी थबकली. शेजारच्या कुंपणावरून आवाज आला, "अगं ए जगज्जेती! फाटक ढकलायचं असतं, त्याच्याशी डाव खेळत बसायचं नसतं!"

"येते, लेलू."

आत अंगणात तुतीच्या झाडाला एक मेंढा बांधला होता. गळ्यात नवी लाल फीत होती. त्याच्यापुढे मूठभर मीठ धरून आई वाकली होती. उन्हाळ्यात ती म्हातारी वारली आणि वर्वारा कायमची परतली. तेव्हापासून सराव शिबिरांमुळे मायलेकींची ही पहिलीच भेट. केस पांढरे झालेली ती बाई क्षणभर दोकाला परकी वाटली. आईने हात एप्रनला पुसले, पुढे येऊन तिचे तोंड न्याहाळले, आणि मग बोटांनी तिचा मोडून गोळा झालेला कान हलकेच चाचपला.

"दुखतो?"

"आता नाही. आई, मी हरले."

"ऐकलं."

"आता परत मॅटवर जायचं नाही. संपलं सगळं. तुझा नवस मी..." तिने मेंढ्याकडे पाहिले. "मेंढा सोडून दे. कशाला बांधलास? मी नाही पुरा करू शकले."

वर्वाराने तिच्याकडे असे पाहिले, की जणू समजेल अशा भाषेत ती बोललीच नव्हती.

"पुन्हा म्हण. काय म्हणालीस? परत जायचं नाही?"

"नाही."

"नक्की?"

"पेत्रोविचनीच सांगितलंय. नक्की."

वर्वारा पायरीवर बसली. तिने छातीवर क्रूस रेखला, आणि मग डोक्यावरच्या रुमालाचे टोक तोंडाला लावले.

"उद्या सकाळी कुर्बान करायचा," ती म्हणाली. "आता बोलले तर चालेल. तुला कोस्तीमामा आठवत नाही, तू रांगत होतीस. जत्रेत सगळ्यांना लोळवणारा माझा भाऊ. एकदा मानेवर पडला. नंतर चार भिंतींत पडून राहिला, मी त्याला चमच्यानं भरवायची. पेत्रोविच तुला न्यायला आले, तेव्हा मी एवढंच मागितलं, की माझी पोर ज्या दिवशी कुस्ती सोडून स्वतःच्या दोन पायांवर या फाटकातून आत येईल, त्या दिवशी तुझा मेंढा तुला देईन."

दोका उभीच होती. तिच्या डोळ्यांपुढून फाटके, बसगाड्या, बंद आवाजाचा तो दूरदर्शन संच, वजनाचा काटा असे सर्व काही सरकत गेले, आणि त्यांतल्या एकाही ठिकाणी आई तिच्या विजयाची वाट पाहत नव्हती.

"एकदा नुसतं 'सोड' म्हणाली असतीस!" ती ओरडली. मेंढा दचकून दोरीला हिसका देऊ लागला. "मी तेव्हाच सोडली असती. तुझ्यासाठीच तर..."

"म्हटलं असतं, तर नवस गेला असता," आई हळू म्हणाली. "आणि दुसरंही सांगते. पोरीला सोडून गेलेल्या आईनं कोणत्या तोंडानं म्हणायचं, की तूही सोड? तुझ्याकडे तेवढंच होतं."

दोकाने पिशवी पायरीवर ठेवली आणि ती मेंढ्याजवळ जाऊन बसली. बराच वेळ तिचा हात त्याच्या लोकरीत होता. आपण जिंकलेले खोटे ठरले काय, असे तिने स्वतःला विचारले. खोटे ठरले नव्हते. फक्त ते सारे तिचे एकटीचे होते, पहिल्यापासून. आणि हे ठाऊक नसताना जेवढे एकटे वाटत होते, त्याहून आता अधिक वाटत होते.

सकाळी पाद्री येऊन प्रार्थना म्हणून गेले. भट्टीत मांस आणि दलियाची मोठी परात शिजली. कुर्बानचे अन्न ऊन असतानाच आळीत वाटायचे असते. शेजाऱ्यांनी खाल्ल्यावाचून ते देवाला पोचत नाही. दोका वाडगे घेऊन निघाली. कारामानांच्या फाटकाला कुलूप, ते मॉस्कोला. पुढच्या घराच्या खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या. त्यापुढच्या अंगणात गवत कमरेइतके. लहानपणच्या सवयीने ती प्रत्येक फाटकाशी घरच्या बाईचे नाव घेऊन हाक मारी, क्षणभर थांबे आणि पुढे जाई. आळीच्या टोकाला एका आंधळ्या म्हाताऱ्याने तेवढे दार उघडले, वाडगा चाचपून घेतला आणि विचारले, "कोणाची गं तू?"

"वर्वाराची," ती म्हणाली. कित्येक वर्षांत तिने आपली ओळख अशी दिली नव्हती.

ती परतली तेव्हा बहुतेक वाडगे भरलेलेच होते. लेलू कमरेवर हात ठेवून फाटकात आडवी झाली.

"आत कुठे निघालीस? वाटायला काढलेलं घरात परत न्यायचं नसतं."

"मग काय करू? कोणी नाही, लेलू. सगळी आळी बंद आहे."

"मी काय मेलेय? टेबल काढ बाहेर. इथेच, रस्त्यावर."

मायलेकींनी टेबल उचलून रस्त्यावर आणले. उचलताना दोघींची पावले जुळेनात, आणि आई चटकन म्हणाली, "तू पुढे हो, मी मागून येते." टेबलावर सगळे वाडगे मांडले गेले, न आलेल्यांचेही. माळावरचा थंड वारा वाफ पळवून नेत होता. वर्वाराने लेकीच्या वाडग्यात जरासेच वाढले, आणि तिचा हात अडला.

"वजन... अजून बघायचं असतं का गं?"

"नाही, आई. वाढ."

वर्वाराने वाढले. दोकाने भाकरीचा तुकडा मोडला आणि ती सावकाश, मान खाली घालून खाऊ लागली. एकमेकींना काय आवडते हे त्या दोघींना ठाऊक नव्हते. ते विचारायला आता दिवस होते.

लेलूने आपला वाडगा दोन्ही हातांत उचलून धरला. तिची जीभ आळीत प्रसिद्ध होती, पण आता ती अगदी हलक्या आवाजात बोलली. "देवानं मान्य करून घ्यावं. हिच्या आईचं मागणं, आणि हिचं धावणंही."

तसेच होवो. जी बंद दारे त्या सकाळी उघडली नाहीत, त्यांच्या दूरदेशी गेलेल्या माणसांनाही त्या अन्नाची ऊब पोचो. आणि जिने मागितले व जिने न जाणता ते वाहिले, त्या दोघींना एका छपराखाली निवांत झोप लाभो.