टेम्पोचा डावा आरसा, मुक्काम सायकल

जरा थांबा. केस नंतर विंचरा, आधी माझं ऐका. मी आरसा बोलतोय. घरातला नाही, टेम्पोचा. तोही डाव्या बाजूचा, म्हणजे ज्याच्याकडे ड्रायव्हरचं सहसा लक्षच जात नाही तो. सध्या मात्र मी एका सायकलवर राहतो. हे कसं झालं, ते सांगायलाच तुम्हाला थांबवलं.

माझा जन्म कारखान्यात झाला. काचेच्या पाठीला लेप लागला, भोवती काळं प्लॅस्टिक बसलं आणि मागून लोखंडी दांडा आला. तेव्हा मला वाटलं होतं, आपलं काम मोठ्या जबाबदारीचं. मागून कोण येतंय, डावीकडून कोण घुसतंय, हे मालकाला सांगायचं. भिवंडीत आल्यावर कळलं, की माझ्यात मागचं बघणारे थोडे आणि स्वतःला बघणारे फार. टेम्पो जरा उभा राहिला की कोणी येऊन भांग पाडतो, कोणी मुरूम फोडतो, कोणी दातात अडकलेली बडीशेप काढतो. एकदा तर वरातीला निघालेल्या नवरदेवाने माझ्यासमोर फेटा सारखा केला आणि जाताना सवयीने मलाही नमस्कार केला.

माझा मालक दीपेश, पूर्णा गावचा. शेतीच्या जागी गोदामं आली, तेव्हा याने टेम्पो घेतला. निजामपुऱ्यातल्या लूमवरून, म्हणजे यंत्रमागावरून, कापडाचे तागे भरायचे आणि गावाकडच्या गोदामात उतरवायचे, हा त्याचा धंदा. मुलगा कष्टाळू, मनाने चांगला. फक्त स्टिअरिंगला हात लागला की तो वेगळाच माणूस व्हायचा. सायकलवाल्यांचा तर त्याला भारी राग. यांना ना लाइट, ना बेल, ना अक्कल, आणि धक्का लागला की चूक मोठ्या गाडीची, असं तो मित्राला समजावून सांगायचा. हे सगळं एका हाताने टेम्पो चालवत, दुसऱ्या हाताने फोन कानाला लावून.

मीही त्याच्याच मताचा होतो. ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी.

निजामपुऱ्याच्या गल्ल्या तुम्हाला माहीत असतील. समोरून हातगाडी आली की टेम्पोवाला आधी डावा आरसा मिटतो, नाहीतर भिंतीला घासून आमची जात शिल्लक राहणार नाही. मिटण्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार अशी, की गल्ली संपते, मोठा रस्ता लागतो, आणि मला उघडायचं कोणाच्या ध्यानात राहत नाही. माझं तोंड खिडकीच्या काचेला टेकलेलं. शिक्षा झालेल्या पोरासारखा मी आतल्या रिकाम्या सीटकडे बघत बसायचो. मागे दुनिया बुडाली तरी मला पत्ता नसायचा.

अशाच एका दुपारी नारपोलीला गाड्यांची रांग लागली होती. आम्ही तागे भरून उभे, आणि मी मिटलेला. दीपेशला डावीकडे वळायचं होतं. रांग हलली, त्याने टेम्पो वळवला, आणि त्याच क्षणी कोणीतरी माझा दांडा गच्च पकडला. टेम्पो आणि गटार यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेतून एक सायकलवाला पुढे सरकू पाहत होता. टेम्पो अंगावर येतोय म्हटल्यावर बुडत्याला काडीचा आधार, तसं त्याने मला धरलं. इथे काडीचा नटच ढिला होता. मी सुटलो आणि त्याच्याबरोबर खाली आलो. नशिबाने तिथे लूमवाल्यांनी टाकलेल्या सुताच्या कचऱ्याचा ढीग होता, त्यामुळे आम्ही दोघे गादीवर बसल्यासारखे बसलो. सायकल तेवढी गटारात गेली.

"अंधा है क्या?" दीपेश आतूनच ओरडला. मागे काही बघितलं नाही. त्याच्या पाठीमागच्या गाड्या भोंगे वाजवत होत्या, तो निघून गेला. आरसा मिटून गाडी हाकणारा दुसऱ्याला आंधळा म्हणतो, याचं हसू मला तेव्हा आलं नाही, कारण मी उलटा पडलो होतो.

सायकलवाला सत्तरीच्या आसपासचा. त्याचं कोपर चांगलंच सोललं होतं. शिवी द्यायला त्याने तोंड उघडलं होतं, पण तो आवाज ऐकला आणि तसंच मिटून घेतलं. आवाज पोटच्या पोराचा होता. ते दीपेशचे वडील. सगळं गाव त्यांना भाऊ म्हणतं, दीपेशही भाऊच म्हणतो.

भाऊ गप्प का राहिले, ते मला त्यांच्या घरी गेल्यावर समजलं. शेती गेली, खाडीवर मासे धरायला जाणंही सुटलं. हाताशी राहिली एक म्हैस आणि एक सायकल. रोज सायकलवरून नारपोलीला जायचं, चिंधू नावाच्या मित्राच्या सायकलदुरुस्तीच्या दुकानात बसायचं, चहा प्यायचा, म्हशीला पेंड घेऊन परत यायचं. कोणाला न विचारता करता येईल असं त्यांच्या आयुष्यात एवढंच उरलं होतं. आणि दीपेश तर कधीपासून मागे लागला होता, की या कंटेनरच्या रस्त्यावर सायकल नको, भंगारात देऊन टाक. भाऊ पडले हे त्याला कळलं असतं, तर सायकल गेलीच असती.

म्हणून भाऊंनी मला पिशवीत टाकलं, घरी येऊन पिशवी पडवीत टांगली आणि अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा चढवला. उन्हाने घामाच्या धारा लागल्या होत्या, तरी बाही वर गेली नाही.

आत जेवणं सुरू झाली. पडवीत मला सगळं ऐकू येत होतं. दीपेशने आरसा तुटल्याची हकिगत सांगितली. त्याच्या हकिगतीत भाऊ पंचविशीचे, धट्टेकट्टे आणि दारू प्यायलेले झाले होते. त्या दारुड्याने मुद्दाम आरसा उपटला आणि पळून गेला, असं ऐकून मला पिशवीत बसल्या बसल्या घाम फुटला. दीपेशची बायको भाविका गोदामाच्या ऑफिसात कामाला जाते, स्कूटीवरून. तिचं म्हणणं पडलं, की टेम्पोवाले आणि सायकलवाले दोघेही सारखेच, रस्त्यावर शहाणे काय ते स्कूटीवाले. दीपेशची आई कमळा म्हणाली, की पायी चालणाऱ्याला कोणी काही विचारतच नाही.

भाऊंनी हळूच विचारलं, "आरसा उघडा व्हता का मिटलेला?"

दीपेश अडखळला. "मिटलेला आसंल. पन त्याचा काय संबंध? ल्हान गाडीवाल्यानं सोताला सांभाळावं."

"आनि मोठ्यानं?"

दीपेशने विषय बदलला. रविवारी भंगारवाला येतो, त्याला तुझी सायकल देऊन टाकतो, असं तो म्हणाला. वर म्हणाला, "आज तो वाचला. उद्या तू वाचशील का?" हे म्हणताना त्याचा आवाज जरा बसला होता, हे मला प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे.

भांडी आवरून कमळाबाई पडवीत आल्या आणि भाजी ठेवायला पिशवी उघडली. त्यांना मी दिसलो. त्यांनी माझ्यात बघून कपाळावरचं कुंकू सारखं केलं आणि मला पुन्हा पिशवीत ठेवलं. मग भाऊंची बाही वर करून कोपराला हळद लावली. काही न विचारता सगळं ओळखणारी अशी माणसं पोलिसात भरती का होत नाहीत, असं मला वाटून गेलं.

दुसऱ्या दिवशी चिंधूने जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळून मला सायकलच्या हँडलवर आवळून बसवलं. बसवता बसवता भाऊंची खरडपट्टीही काढली. वळणाऱ्या टेम्पोच्या डावीकडून घुसायला तुला कोणी सांगितलं होतं, आणि बेल नसलेली सायकल घेऊन तू फिरतोस कसा, असं त्याने विचारलं. भाऊ म्हणाले, बेल कशाला, मी खोकतो की.

तर अशी माझी बदली झाली. पुढाऱ्यांना पक्ष बदलायला निवडणूक लागते, मला एक ढिला नट पुरला. अर्ध्या दिवसात मी टेम्पोवाल्यांना शिव्या घालायला लागलो. खाली येऊन बघितलं की कळतं, टेम्पो किती उंच असतो आणि कंटेनरचं चाक किती जवळून जातं. पण माझ्या नव्या मालकाचे गुणही काही कमी नव्हते. लांबचा वळसा चुकवायला उलट्या बाजूने जायचं, ओळखीचा दिसला की रस्त्याच्या मधोमध पाय टेकून त्याच्या मुलाच्या लग्नाची चौकशी करायची, वळायचं असलं की हात दाखवायचा, पण वळून झाल्यावर. मागचे भोंगे वाजवून दमायचे. भाऊंच्या मते रस्ता आधी माणसांचा होता, गाड्या नंतर आल्या, म्हणून सांभाळायचं गाड्यांनी.

भाऊंना मात्र मी आवडलो. ते सारखे माझ्यात बघायचे, भांग पाडायला नव्हे, मागचं बघायला. जन्माला आल्यापासून पहिल्यांदा मी माझं खरं काम करत होतो. आणि रविवार तर उद्यावर आला होता.

त्या शनिवारी भाऊ पेंड घेऊन परत येत होते. कॅरिअरवर फुगलेलं पोतं, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. गोदामांजवळ रस्त्याची कड उखडली होती, म्हणून ते मधून चालले होते. मागून भोंगा वाजला. मी बघितलं, तर टेम्पो. त्याच्या डाव्या बाजूला नुसती रिकामी पट्टी. ती माझी जागा होती. भाऊंनीही माझ्यात बघून टेम्पो ओळखला आणि जोरात पाय मारला. घाई झाली की चेन पडते, तशी ती पडली. सायकल रस्त्याच्या मधोमध उभी राहिली.

टेम्पोही थांबला. दीपेश दार आपटून खाली उतरला आणि बाह्या सरसावत आमच्याकडे आला. त्याला दिसत होतं ते फक्त एक पोतं आणि एक टॉवेल.

"बाप का रोड है क्या?" तो ओरडला.

भाऊंनी मान वळवली नाही. "व्हय, बापाचाच हाय," ते म्हणाले. "माज्या बापाचा. हितं आमचा भात पिकायचा."

दीपेश जागच्या जागी थिजला. एकाच वेळी त्या दोघांचे चेहरे माझ्यात होते, एक पुढचा, एक मागचा. नाक तेच, हनुवटी तीच, आणि चिडल्यावर लाल होणारे कानही तेच. मग दीपेशची नजर माझ्यावर आली. त्याने मला ओळखलं. इतके दिवस त्याने मला धड बघितलंही नव्हतं, तरी ओळखलं.

"भाऊ, त्या दिशी तू व्हतास?"

भाऊंनी बाही वर केली. जखमेवर खपली धरली होती, कडेला हळदीचा पिवळा डाग. दीपेशला तिकडे बघवेना, म्हणून त्याने माझ्याकडे बघितलं. पण माझ्यात त्याला तो स्वतःच दिसला. त्याचे डोळे भरून आले होते.

"मी मागं बघितलंच न्हाय," तो म्हणाला. भाऊ म्हणाले, डावीकडून घुसलो तो मी. दीपेश म्हणाला, आरसा मिटलेला होता. भाऊ म्हणाले, मला तरी बेल कुठे होती? इतके दिवस दोघे दोष एकमेकांच्या दारात ढकलत होते, आता आपापल्या घरात ओढायला लागले. मागच्या कंटेनरवाल्याला दोघांचाही दोष स्वच्छ दिसत होता, आणि तो भोंग्यावरचा हात काढत नव्हता.

"सायकल टेम्पोत टाक. बस फुडं," दीपेश म्हणाला.

"सायकल टेम्पोत चढली का परत रस्त्यावर उतरायची न्हाय," भाऊ म्हणाले. "मी चालवत जातो. तू मागून ये."

मला धास्ती वाटली. पण दीपेश खाली बसला, पडलेली चेन हाताने चढवली, काळे झालेले हात पँटला पुसले आणि टेम्पोकडे गेला.

भाऊ निघाले. मागून टेम्पो, सायकलच्या चालीने. त्याच्यामागे कंटेनर, त्याच्यामागे आणखी काय काय, आणि ते सगळे मिळून आता दीपेशच्या बापाचा उद्धार करत होते. दीपेशने एकदाही भोंगा वाजवला नाही. पहिल्यांदा भाऊ घडोघडी माझ्यात बघत होते. मग थोडं कमी. आमच्या गावाचं वळण आलं तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की त्यांनी माझ्यात बघणं सोडून दिलंय. ते पुढे बघत, सावकाश पाय मारत चालले होते, आणि काहीतरी गुणगुणत होते. आरशाला याहून मोठा अपमान नाही. पण खरं सांगतो, इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं.

रविवारी भंगारवाला आला. कमळाबाईंनी त्याला एक गळकी कळशी दिली आणि भाविकाने बंद पडलेला पंखा. सायकल भिंतीला टेकून उभी होती, तिच्याकडे बोट दाखवून त्याने विचारलं, तर दीपेशच त्याच्यावर खेकसला.

आता टेम्पोवर माझ्या जागी नवा आरसा आहे. पोरगं चुणचुणीत आहे, आणि गल्लीबाहेर पडल्यावर बहुतेक वेळा उघडं असतं. भाऊंच्या सायकलला दीपेशने बेल बसवली. ती ते रस्त्यावर कमी आणि अंगणात कोंबड्या हाकलायला जास्त वाजवतात. रस्त्यावर कोणी कोणाला सांभाळायचं, यावर जेवताना अजून रोज भांडण होतं. भाऊ उलट्या बाजूने येताना दिसले की दीपेश रागावतो, आणि दीपेश फोन कानाला लावून आला की भाऊ.

माझंही वय झालं. पाठीचा लेप सुटायला लागलाय, कोपऱ्यातून काळे डाग चढतायत. जाण्याआधी एवढंच मागतो. सायकलवाल्यांनो, डावीकडून घुसू नका आणि खोकण्यावर भागवू नका. टेम्पोवाल्यांनो, गल्ली संपली की माझ्या भाऊबंदांना उघडा, आणि त्यांच्यात केसांपलीकडचंही काही बघा. रस्त्यावरचा प्रत्येक सायकलवाला तुमचा बाप नसतो, हे मलाही मान्य आहे. पण पाठीकडून ते कळत नाही.