मधल्या वर्तुळातली पुडी

चंपाबाईंनी विहाराच्या फरशीवर खडूने तीन मोठी वर्तुळं काढली, हात झटकले आणि म्हणाल्या, "हं, आणा आता एकेक. लाजायचं नाही."

मागच्या रविवारी त्यांनी बिरवाडीच्या बुद्धवाडीतल्या बायांना गृहपाठच दिला होता. मनावर अंमल चढवणारं जे जे घरात सापडेल, ते घेऊन यायचं. पहिल्या वर्तुळात जागं ठेवणारं, अंगात तरतरी आणणारं. मधल्यात सुस्त करणारं, झोपवणारं. तिसऱ्यात नसलेलं दिसायला लावणारं. शाळेत भागाकार शिकवावा इतक्या सहज त्यांनी ते समजावलं होतं. रोज पहाटे पंचशील घेताना पाचव्या शीलापाशी त्यांचा आवाज अंमळ ठाम होई. नशेपासून दूर राहायचं तर आधी नशा ओळखता यायला हवी, असं त्यांचं सरळ म्हणणं होतं.

गीताबाईने मिश्रीचा डबा पहिल्या वर्तुळात ठेवला. कुणी पदराखालून नवऱ्याची रिकामी बाटली काढून मधल्यात सारली. ओढ्याकाठचं धोतऱ्याचं काटेरी बोंड तिसऱ्यात आलं. मग चहापत्तीचा पुडा पहिल्यात पडला आणि हसू फुटलं.

"बाई, चहा पन नशाच? मग पावन्याला काय निस्तं गरम पानी द्यायचं?" गीताबाईने विचारलं.

"नशा नाही म्हणत मी. पण तरतरी आणतो ना? मग याच घरातला."

"म्हनून तुमी सोडलात. आन आता डोक्याला फडकं बांधून बसल्यात."

चंपाबाईही हसल्या. मागच्या रविवारीच सगळ्यांसमोर त्यांनी चहा सोडला होता आणि तेव्हापासून कपाळ ठणकत होतं. "सवयीची वस्तू एकाएकी सोडली की शरीर असं भांडतं," त्या म्हणाल्या. "हेही शिका."

दाराशी बसलेली सोनाबाई सगळ्यांत शेवटी उठली. वाकून तिने मधल्या वर्तुळात काहीतरी ठेवलं.

"येते बाई. चूल पेटवायची हाय. कारखान्याची पोरं खानावळीला येतील."

"शाब्बास, सोनाबाई," चंपाबाई म्हणाल्या. त्यांचं लक्ष बाटलीवरचा कागद सोलण्यात होतं.

बाया पांगल्यावर त्या वस्तू उचलू लागल्या. बाटलीच्या आड कागदाची पुडी होती. उलगडली, तर आत बारीक पांढऱ्या गोळ्या.

चंपाबाईंनी त्या ओळखल्या. या गोळ्या आणायला पहिल्यांदा त्या स्वतःच सोनाबाईला महाडच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या होत्या. फिट येऊन ती चुलीवर कोसळली होती, त्यानंतर. दंडावरचा भाजल्याचा डाग अजून होता. फिट मात्र पुन्हा आली नव्हती.

फरशी पुसायची राहिली. पुडी मुठीत धरून अनवाणीच त्या गल्लीने निघाल्या.

सोनाबाई चुलीपुढे बसून भाकरी थापत होती. जाळ चांगलाच पेटला होता.

"कधीपासून घेतली नाहीस?"

सोनाबाईने मान वर केली नाही. "गुरवारपासून."

"ऊठ तिथून."

"पीठ भिजलंय बाई."

"ऊठ म्हणते ना. भाकऱ्या मी करते."

सोनाबाई उठली आणि भिंतीला टेकली. चंपाबाईंनी परातीसमोर बैठक मारली. पहिली भाकरी जाड झाली आणि कडेला फाटली.

"तुमीच मागल्या रविवारी बोललात ना," सोनाबाई म्हणाली, "झोपेच्या, फिटच्या गोळ्या दारूच्याच घरातल्या. मी रोज सकाळी शील घ्यायचं, आन रात्री तेच तोंडात टाकायचं? मला नाय पटलं."

खोटं बोलून तिची समजूत काढणं सोपं होतं. पण चौथं शीलही त्यांनी पहाटेच घेतलं होतं.

"घरातली आहे," चंपाबाई म्हणाल्या. "पुडी तू बरोबर वर्तुळात ठेवलीस. चुकलं माझं. कुठली वस्तू कुठल्या घरातली ते सांगितलं. कोण कशासाठी घेतं, ते सांगायचं राहिलं. शील काय सांगतं? गाफील करील त्यापासून दूर राहा. दारू पिऊन माणूस गाफील होतो. तू गोळी घेतली नाहीस तर गाफील होतेस. तीही जाळासमोर."

सोनाबाईने दंडावरून हात फिरवला.

"चहा सोडला तर माझं नुसतं डोकं दुखतं. ही सोडली तर तुझ्या जिवावर बेतेल. आज रोजची आहे तेवढीच घे. राहिलेल्या भरून काढायच्या नाहीत. उद्या मी शाळेत रजा टाकते, आपण डॉक्टरांकडे जाऊ. तोवर चुलीजवळ यायचं नाही."

"आन बाया काय म्हनतील? सगळ्यांसमोर ठेवली मी ती."

चंपाबाईंनी तव्यावरची करपायला लागलेली भाकरी उलटली.

सोनाबाईने कोपऱ्यातला स्टो पुढे ओढला.

"तोही नको," चंपाबाई म्हणाल्या.

"मग तुमी पेटवा. आन चहा टाका. कपभर."

"कुणाला?"

"तुमाला. तुमी सगळ्यांसमोर सोडलात, मी सगळ्यांसमोर सोडली. तुमी घ्या, मग मी घेते."

चंपाबाईंनी डोक्याचं फडकं चाचपलं. मग स्टोला पंप मारला.

चहा झाला. सोनाबाई समोर उभीच होती, एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्यात गोळी. चंपाबाईंनी बशीत ओतून पहिला घोट घेतला, तेव्हाच तिने गोळी जिभेवर ठेवली.

पोरं जेवायला आली. "मावशी, आज भाकरी चावता चावत नाय," एकजण म्हणाला. सोनाबाई भिंतीपाशी पदर तोंडाला लावून हसली.

पुढच्या रविवारी बाया जमल्या, तेव्हा फरशीवर खडूची एकही रेघ नव्हती. चंपाबाई मधोमध बसल्या होत्या.

"गीताबाई," त्या म्हणाल्या, "आधी मला कपभर चहा आण. सगळ्यांच्या देखत घ्यायचाय."